रहस्यकादंबऱ्यांतले विषप्रयोग (सावधान, रहस्यभेद आहेत)

खलबत्ता:
वाचनाच्या धाग्यावर अॅगाथा ख्रिस्तीबाईंचा विषय निघाला आणि गाडी भलत्याच रुळावर गेली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. आधीच सांगतो, इथे काही कादंबऱ्यांचे शेवट फुटणार आहेत. ज्यांना त्या अजून वाचायच्या आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

रहस्यकादंबरीत माणूस मारायचे मार्ग पुष्कळ. पण ज्या गोष्टीत विष आहे ती वाचताना मी जरा सावरून बसतो. पिस्तूल रोखणारा निदान समोर तरी असतो. विष देणारा बहुतेक वेळा आजाऱ्याच्या उशाशी असतो, 'एवढं घे, बरं वाटेल' म्हणत असतो, आणि आजारी माणूस त्याचे आभार मानून ते घेतो. औषधाच्या वेळा कुणाला पाठ आहेत, रात्री दूध वर कोण नेऊन देतं, मृत्युपत्र कधी बदललं, असल्या फुटकळ गोष्टींना मग एकदम वजन येतं.

अॅगाथा ख्रिस्ती या प्रकारात सगळ्यांच्या पुढे का, तर बाईंनी हा धंदा काउंटरच्या आतून पाहिला होता. पहिल्या महायुद्धात टॉर्की या त्यांच्या गावी टाउन हॉलमध्ये जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडलं होतं. तिथे त्या आधी शुश्रूषा करायच्या, मग औषधं बनवण्याच्या विभागात गेल्या आणि १९१७ साली अपॉथेकरीज हॉलची, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेची, परीक्षा पास झाल्या. तेव्हा गोळ्या, पुड्या, मिश्रणं सगळं हाताने व्हायचं. त्यांना शिकवणाऱ्या औषधविक्रेत्याने एकदा दशांश चिन्ह चुकवलं, औषध दहापट पडलं. शिकाऊ पोरीने वरिष्ठाला चूक दाखवायची पद्धत नव्हती, म्हणून बाईंनी ठेच लागल्याचं नाटक करून सगळा माल जमिनीवर पाडला आणि वर पाय दिला! हाच गृहस्थ खिशात क्युरारी या विषाचा तुकडा बाळगायचा. का, तर त्याने आपल्याला ताकद आल्यासारखं वाटतं म्हणे. हे बाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे चाळीसएक वर्षांनी 'द पेल हॉर्स' (१९६१) लिहिताना तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' १९२० मध्ये अमेरिकेत आली, दुसऱ्या वर्षी इंग्लंडमध्ये. त्यात स्ट्रिक्नीन हे विष आहे आणि खुनाची सगळी मेख औषधाच्या बाटलीत आहे. घरच्या मालकीणबाई रोज जे टॉनिक घेतात त्यातच थोडं स्ट्रिक्नीन असतं, तेव्हा ते सर्रास दिलं जायचं. त्यात ब्रोमाइड (तेव्हाची झोपेची पूड) पडलं की स्ट्रिक्नीन खाली बसतं आणि शेवटच्या डोसाला सगळं एकदम पोटात जातं. खुनी त्या रात्री घरात असण्याची गरजच नाही. फार्मास्युटिकल जर्नलने या कादंबरीचं परीक्षण छापलं आणि लेखिकेला विषय कळतो म्हणून वाखाणलं. आमच्या फार्मसीच्या क्षेत्रातल्या माणसाला याचा आनंद किती होतो ते सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच की चांगला लेखक विष लपवत नाही. बाटली पहिल्या प्रकरणापासून टेबलावर असते. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथालेखकाने रहस्यकथांसाठी दहा नियम लिहिले, त्यात एक हाच आहे, की आजवर कुणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि विष आधीच ओळखता आलं तर मजा जाते का?

तळ्याकाठचा:
पॉपकॉर्न घेऊन बसलो. आधी कुणाला तरी चाखायला देतो.

सोनचाफा:
लेख छान, पण मला नाही पटलं. 'स्टाइल्स'मध्ये बाटली टेबलावर आहे हे खरं, पण ब्रोमाइडने स्ट्रिक्नीन खाली बसतं हे सामान्य वाचकाला कुठून माहीत असणार? शेवटी बाईंचा गुप्तहेर प्वारो औषधनिर्मितीच्या पुस्तकातला उतारा वाचून दाखवतो. म्हणजे वाचकाला उत्तर सापडायला डी. फार्म. करायला हवं. याला मी खुला डाव म्हणत नाही.

मला बाईंची 'फाइव्ह लिटल पिग्ज' जास्त भिडते. चित्रकार मेल्याला सोळा वर्षं झालीत. बायकोला शिक्षा झाली, ती तुरुंगात मेलीसुद्धा. आता ना पेला शिल्लक आहे, ना बाटली. प्वारो फक्त पाच माणसांशी बोलतो आणि प्रत्येकाकडून त्या दिवसाची हकिकत लिहून घेतो. विष कोनाइनचं, म्हणजे सॉक्रेटिसला दिलं त्या हेमलॉकमधलं. पण ते कुठलंही असतं तरी चाललं असतं. कोण कुणाकडे कसं बघत होतं यावर सगळं उभं आहे.

रातराणी७:
सोनचाफा +१. रसायनशास्त्र आलं की मी पानं उलटते.

काजरा:
आयडी बघून कळलंच असेल की मला इथे यायलाच हवं होतं. स्ट्रिक्नीन ज्याच्या बियांत असतं तो कुचला म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातला काजरा. रानात भरपूर. नारिंगी फळं दिसायला इतकी गोजिरी की पोरांना लहानपणीच दम दिलेला असतो, हात लावायचा नाही. आयुर्वेदात बिया शोधन करून वापरतात, पण तो जाणत्या वैद्याचा मामला आहे. इथे वाचून कुणी प्रयोग करू नयेत.

स्ट्रिक्नीनची मुख्य अडचण म्हणजे ते जहर कडू असतं. अक्षरशः. 'स्टाइल्स'मध्ये यावर केवढी तरी चर्चा आहे, कॉफीत ती चव लपेल का, कोकोत लपेल का. कारल्याच्या भाजीतही लपणार नाही असं माझं मत. म्हणून टॉनिकची बाटली. टॉनिक मुळात कडूच असतं, कुणी तक्रार करत नाही. सोनचाफाताई, इथे तुमचा मुद्दा जरा सैल होतो. बाटलीचं रसायन नाही कळलं, तरी 'एवढं कडू विष ही बाई तक्रार न करता कशात प्यायली असेल?' हा प्रश्न कुणीही विचारू शकतो. तेवढ्याने अर्धी वाट सापडते.

सोनचाफा:
हं. अर्धी.

प्रयोगशाळेतली:
बरेच दिवस वाचनमात्र होते, पण हा धागा पाहून राहवलं नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषविज्ञान विभागात काम केलंय, कुठे ते सांगत नाही.

कादंबरीत डॉक्टर ग्लास हुंगतो आणि म्हणतो, कडू बदामाचा वास, सायनाइड! प्रत्यक्षात तो वास बऱ्याच माणसांना येतच नाही, तो ओळखण्याची क्षमता अनुवंशाने ठरते. आमच्याकडे येतात त्या बरण्या. शवविच्छेदनात व्हिसेरा, म्हणजे आतले अवयव, काढून मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, लाखेचं सील, पोलिसांचं पत्र, नमुना सील. दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, 'मृत्यूचं कारण राखून ठेवलं आहे'. मग तो नंबर रांगेत लागतो आणि नातेवाईक सी.ए. रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट बघत बसतात. ग्रामीण भागातून येणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात जास्त काय असतं, तर कीटकनाशकं. शेतातली, गोठ्यातली, पत्र्याच्या कपाटावरची. त्यात रहस्य काही नसतं, फक्त दुःख असतं.

पण या चर्चेसाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे. यंत्रात नमुना घातला आणि विषाचं नाव बाहेर आलं, असं होत नाही. कीटकनाशकं वेगळ्या पद्धतीने शोधतात, अल्कलॉइडं (स्ट्रिक्नीनसारखी वनस्पतींतली विषं) वेगळ्या, धातू आणखी वेगळ्या. सोबतच्या कागदांवर काय लिहिलंय यावर पुष्कळ अवलंबून असतं. उलट्या होत्या का, झटके आले का, केस गळाले का, शेवटचं जेवण कुणी वाढलं. कुणाला संशयच आला नाही तर बरणी आमच्यापर्यंत येतच नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहून अंत्यसंस्कार होतात. त्यामुळे 'न सापडणारं विष' या गोष्टीचं आम्हाला हसू येतं. विष सापडतं हो. ते शोधायला हवं असं कुणाला तरी वाटावं लागतं.

खलबत्ता:
वा! तुम्ही अशाच लिहीत राहा. मला बाटलीचं कौतुक, तुम्ही तर बाटलीच्या आधीची पायरी सांगितलीत. आता विचार केला तर बाईंच्या चांगल्या कादंबऱ्यांत ताण तिथेच असतो. मृत्यू झालाय, डॉक्टरने दाखला लिहायला घेतलाय, आणि कुणीतरी म्हणतं, 'थांबा.'

दूरदेशी:
प्रयोगशाळेतली यांच्या मुद्द्याला इंग्लंडातून दोन दाखले. इकडे राहून हे दोन किस्से कानावर न येणं अशक्य.

पहिला १९७७चा. कतारहून दीड वर्षाची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणली. बेशुद्धीकडे चाललेली, रक्तदाब वाढत होता, निदान कुणालाच होईना. तिची देखभाल करणारी परिचारिका त्याच वेळी 'द पेल हॉर्स' वाचत होती. त्या कादंबरीत माणसं वेगवेगळ्या आजारांनी मेल्यासारखी दिसतात, पण सगळ्यांचे केस गळालेले असतात. विष थॅलियम. मुलीचेही केस विरळ व्हायला लागले होते. परिचारिकेने डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासण्या करवून घेतल्या आणि थॅलियम निघालं. घरात झुरळं-उंदीर मारायला वापरायचं औषध मुलीच्या पोटात गेलं होतं. मुलगी बरी होऊन घरी गेली. डॉक्टरांनी पुढे वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण लिहिलं, तेव्हा ख्रिस्तीबाईंचे आभार मानले. बाई वर्षभरापूर्वीच वारल्या होत्या.

दुसरा किस्सा याच विषाचा, पण अंगावर काटा आणणारा. ग्रॅहॅम यंग. १९६२ मध्ये, चौदाव्या वर्षी, घरच्यांवर आणि शाळेतल्या मित्रावर विषप्रयोग केला म्हणून ब्रॉडमूरला, मनोरुग्ण गुन्हेगारांच्या रुग्णालयात, ठेवलेला मुलगा. १९७१ मध्ये बरा झाला म्हणून सोडला. बॉव्हिंग्डन गावात नोकरीला लागला, आणि सहकाऱ्यांचा चहा नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे. त्याच्या पूर्वेतिहासातली विषाची गोष्ट तिथे कुणालाच माहीत नव्हती. एकामागून एक माणसं आजारी पडली, गावात साथ आलीय असं सगळ्यांना वाटलं, तिला 'बॉव्हिंग्डन बग' असं नावही पडलं. दोघे मेले. मग डॉक्टर कर्मचाऱ्यांशी बोलायला आले, तेव्हा यंगने स्वतःच विचारलं की ही लक्षणं थॅलियमशी जुळतात असं नाही वाटत तुम्हाला? त्यावरून त्याच्याकडे लक्ष गेलं. १९७२ मध्ये जन्मठेप. एखाद्या लेखकाने खुन्याला असं तोंड उघडायला लावलं असतं तर आपण पुस्तक भिरकावून दिलं असतं.

रातराणी७:
बापरे. चहा देणारा!

तळ्याकाठचा:
आमच्या ऑफिसात चहा मशीनचा आहे, आज पहिल्यांदा बरं वाटलं.

चष्मेबहाद्दूर:
इंग्लंडचं खूप झालं. आपल्याकडचं पाकूर प्रकरण कुणीच काढलं नाही? त्यात मुंबईचाही हात आहे, आणि माझ्या आयडीला साजेसा एक तपशील आहे.

पाकूर ही तेव्हाच्या बंगाल-बिहारच्या सीमेवरची जमीनदारी. बिनयेंद्र आणि अमरेंद्र पांडे हे सावत्र भाऊ, वाद इस्टेटीचा. १९३२ मध्ये थोरल्याने धाकट्याच्या नाकावर प्रेमाने नवा चिमटा-चष्मा चढवला, इतक्या जोरात की कातडी सोलली. काही दिवसांत धाकट्याला धनुर्वात. त्यातून तो कसाबसा वाचला. मग २६ नोव्हेंबर १९३३, हावडा स्टेशन. घरची मंडळी गाडीकडे निघालेली, गर्दीत एक खादीधारी बुटका माणूस अमरेंद्रच्या अंगाला घासून गेला, दंडाला काहीतरी टोचलं. थोरला भाऊ तिथेच निरोप द्यायला हजर. 'काही नाही रे, कशाला एवढं मनावर घेतोस' असा त्याचा सूर. आठ दिवसांनी, ४ डिसेंबरला, अमरेंद्र वारला. रक्ताच्या तपासणीत निघाले प्लेगचे जंतू. कलकत्त्यात तेव्हा प्लेग नव्हताच.

हे जंतू आले कुठून? मुंबईहून. थोरल्याचा डॉक्टर मित्र तारानाथ भट्टाचार्य हा जंतुशास्त्रज्ञ. प्लेगवर संशोधन करतोय असं सांगून त्याने आधी हाफकिन संस्थेत खटपट केली, मग आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात प्लेगच्या जंतूंवर काम करायची सोय मिळवली. पोलिसांनी मुंबईपर्यंत माग काढला, तेव्हा दोघांच्या मुंबई मुक्कामाचा हिशेब जुळला. खालच्या कोर्टाने दोघांना फाशी दिली, १९३६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने ती जन्मठेप केली. टोचणारा माणूस कधीच सापडला नाही.

खलबत्ता:
हे नॉक्सच्या नियमांत बसेल का यावर रात्र जाईल. जंतू सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे 'अज्ञात विष' म्हणता येणार नाही. पण कादंबरीत आलं असतं तर अतिरंजित म्हणून मीच नाक मुरडलं असतं.

आणि 'थांबा' म्हणणारा इथेही आहे बघा. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं म्हणून. नाहीतर जमीनदार तापाने गेला, दुःख झालं, संपलं.

पेठेतली:
मी रहस्यकथा फारशा वाचत नाही. आमच्या पुण्यातलं एक प्रकरण घरातल्या मोठ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की गरज पडली नाही. डॉ. अनंत लागू खटला. सुप्रीम कोर्टाचा निकाल उपलब्ध आहे, त्यातलंच सांगते.

नोव्हेंबर १९५६. पुण्यातली एक सधन विधवा. मधुमेहाची रुग्ण, डॉक्टर घरोब्यातले, तिच्या पैशाअडक्याचे व्यवहारही बघणारे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून डॉक्टर तिला रात्रीच्या पॅसेंजरने घेऊन निघाले. पहाटे गाडी व्हीटीला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध. जी. टी. रुग्णालयात तिला डॉक्टरांनी दुसऱ्याच नावाने दाखल केलं. दुपारच्या आत ती गेली. नातेवाईकांना कळवलं नाही, प्रेत न्यायला कुणी आलं नाही, ते बेवारस म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात गेलं.

ख्रिस्तीबाईंना सुचलं नसतं ते याच्या पुढे आहे. तिच्या नावाने पत्रं यायला लागली! मी लग्न केलंय, लांब राहायला गेलेय, सुखात आहे, शोध घेऊ नका, अशा अर्थाची. तिकडे तिच्या सह्यांचे कागद होत होते, पैसे काढले जात होते, शेअर विकले जात होते. नातेवाईकांना पत्रांवरून संशय आला. विधवा बाई, आजारी, त्या काळात, आणि अशी अचानक लग्न करून जाईल? त्यांनी तक्रारी केल्या आणि तपास सुरू झाला, तो मृत्यूनंतर वर्ष उलटून गेल्यावर.

प्रयोगशाळेतली:
हे प्रकरण आमच्याकडे प्रशिक्षणात सांगतात. मुद्दा काय, तर तपासणीत विष सापडलंच नाही.

बॅरिस्टर बोंबील:
आणि आमच्याकडे कायद्याच्या वर्गात. डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने लागूंची शिक्षा कायम केली. रासायनिक तपासणीत विष न सापडणं म्हणजे विषप्रयोग झाला नाही असं होत नाही, परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर शिक्षा होऊ शकते, असा तो निकाल. खोटं नाव, न कळवलेले नातेवाईक, पत्रं, पैसे, ही सगळी वागणूक निरपराध माणसाची नाही, हा धागा.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि तीही पुण्याचीच. १९८४चा 'शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र सरकार'. नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू. इथे विष नक्की होतं, शंकाच नाही. तरी सुप्रीम कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं, कारण आत्महत्येची शक्यता खोडून काढता आली नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं याच निकालात आहेत, आजही रोज उद्धृत होतात. त्याखेरीज विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी बघायला सांगितल्यात. आरोपीला हेतू होता का, मृत्यू विषानेच झाला का, विष आरोपीच्या ताब्यात होतं का, आणि ते द्यायची संधी त्याला होती का.

आता ख्रिस्तीबाईंची कुठलीही कादंबरी घ्या आणि हे चार रकाने भरा. पहिला रकाना सगळ्यांचा भरतो, घरातल्या मोलकरणीपासून पुतण्यापर्यंत. चौथा अर्ध्यांचा. तिसरा एक-दोघांचा. बाईंची हातचलाखी बहुतेक वेळा चौथ्या रकान्यात असते: संधी कधी होती ती वेळच आपण चुकीची धरलेली असते. 'स्टाइल्स'मध्ये सगळे त्या रात्रीचा हिशेब करत बसतात आणि बाटलीत हात घातला गेलाय कितीतरी दिवस आधी.

खलबत्ता:
साष्टांग दंडवत. हे चार रकाने मी उद्यापासून वर्गात वापरणार.

रातराणी७:
अवांतर: मराठीत विषाच्या रहस्यकादंबऱ्या कमी का? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही तितकीच. माझ्या आठवणीत वेषांतर, भुयारं, पिस्तुलं, गाड्यांचा पाठलाग हेच आहे.

चष्मेबहाद्दूर:
कारण बाबूरावांचा नायक झुंझार घरात बसतच नाही! त्याला गेलेला माल आणायचाय, दुष्टांना चोपायचंय. विषाच्या गोष्टीला घर लागतं, आणि घरातल्या माणसांचा हळूहळू नासत गेलेला संबंध लागतो. चार आण्यांत भाड्याने आणलेलं पुस्तक रात्रीत संपवून सकाळी परत द्यायचं असे, तिथे हळूहळू काही चालत नाही. वेगच हवा. त्या वेगात बाबूराव राजा होते, यात वाद नाही.

काजरा:
शिवाय आपल्या घरात पन्नास माणसं. कुठल्या ताटात काय गेलं याचा हिशेब प्वारोलाही लागला नसता. एकच भाजी सगळ्यांना वाढायची.

सोनचाफा:
हे गमतीत म्हणताय, पण खरं आहे. इंग्रजी घरात प्रत्येकाचा ट्रे वेगळा, कॉफीचा कप वेगळा, औषध वेगळं. म्हणून खुन्याला माणूस निवडता येतो. आपल्याकडे सुहास शिरवळकरांच्या अमर विश्वासच्या गोष्टी मला आवडतात, पण त्यांतही चुरस कोर्टातली असते, स्वयंपाकघरातली नाही. रत्नाकर मतकरींनी घरातली भीती पकडली, पण त्यांचा प्रांत गूढकथेचा.

मूळ मुद्द्यावर येते. दूरदेशींचा यंग वाचल्यापासून मला फ्रान्सिस आइल्सची 'मॅलिस अफोरथॉट' (१९३१) आठवतेय. अँथनी बर्कलीने टोपणनावाने लिहिलेली. गावातला डॉक्टर बायकोला मारायचं ठरवतो, आणि हे आपल्याला पहिल्याच वाक्यात कळतं. कोण, कुणाला, कशाने, काहीच लपवलेलं नाही. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण एकच प्रश्न उरतो, कुणाला संशय येणार आणि कधी. म्हणजे खलबत्ता, तुमच्या बाटलीविनाही चालतं.

खलबत्ता:
बाटली तिथेही आहे, फक्त डॉक्टरच्या कपाटात आहे. :)

पण तुम्ही 'खुला डाव' म्हणता, त्यासाठी एक कादंबरी सुचवतो आणि त्यात डी. फार्म. लागत नाही. 'सॅड सायप्रस' (१९४०). ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

मृत्यू मॉर्फीनने. खोलीत औषधाच्या लेबलाचा फाटका कपटा सापडतो, त्यावर मॉर्फीनचं नाव. सगळे तेवढ्यावर थांबतात. पण त्यातलं 'एम' हे अक्षर छोट्या लिपीतलं आहे. मॉर्फीनच्या लेबलावर ते मोठं असायला हवं. म्हणजे फाटलेल्या भागात आधी काहीतरी होतं. होतं अपोमॉर्फीन, जे टोचून घेतल्यावर ताबडतोब उलटी होते. खुन्याने विषारी चहा मेलेल्या मुलीसोबत स्वतःही प्यायला आणि मग ओकून टाकला. रसायन माहीत नसलं तरी छोटं अक्षर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे.

सोनचाफा:
लेबल मंजूर. ब्रोमाइड नामंजूर, अजूनही. आणि त्या कादंबरीतला माझा आवडता पुरावा तुम्ही गाळलात! मनगटावरची खूण सुईची नसून गुलाबाचा काटा लागल्याची आहे असं नर्स सांगते, आणि त्या दारातला वेल निघतो झेफिरिन ड्रूआँ जातीचा. त्याला काटेच नसतात. बागकाम करणाऱ्या बाईला हे पहिल्या वाचनात कळतं. फार्मसीवाल्यांचं माहीत नाही.

काजरा:
हाहाहा. सोनचाफा १, खलबत्ता ०.

प्रयोगशाळेतली:
त्या सुईच्या खुणेबद्दल एक. शवविच्छेदनात अशी खूण शोधून नोंदवावी लागते, ती हाताच्या पुढच्या भागावरच असेल असं नाही. गाई-बैलांच्या बाबतीत तर हे आपल्याकडे जुनं आहे. गुंजेच्या बिया वाटून त्याच्या टोकदार काड्या करायच्या, त्यांना सुई किंवा सुतारी म्हणत. कातड्यासाठी जनावरं मारायला त्या वापरल्याच्या नोंदी इंग्रजांच्या काळातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत भरपूर आहेत. मोदींचं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक पहिल्यांदा आलं तेही १९२० मध्येच, 'स्टाइल्स'च्या वर्षी. मला ते कादंबरीइतकंच रंजक वाटतं, पण जेवताना वाचू नये.

दूरदेशी:
टॉर्कीला कधी आलात तर टॉर ॲबीच्या बागेत ख्रिस्तीबाईंच्या कथांतल्या विषारी झाडांचा वाफा केलेला आहे. नाव 'पोटंट प्लांट्स'. सोनचाफांनी यावंच.

तळ्याकाठचा:
बॅरिस्टर, एक शंका. 'स्टाइल्स'मध्ये नवऱ्याचा डाव असा असतो की आपल्याला लवकर अटक व्हावी, खटला चालावा, ऐनवेळी भक्कम पुरावा देऊन सुटावं, मग त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा कुणी हात लावू शकणार नाही. हे आपल्याकडे चालेल का? मित्रासाठी विचारतोय.

बॅरिस्टर बोंबील:
मित्राला सांगा, अवघड आहे. राज्यघटनेच्या कलम २०(२) प्रमाणे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३००ने निर्दोष सुटलेल्यालाही संरक्षण दिलं होतं. तेच आता नव्या संहितेत आहे. पण नुसती अटक होऊन सुटल्याने काही होत नाही, खटला पूर्ण चालून निकाल लागावा लागतो. आणि इंग्लंडच्या त्या काळच्या पद्धतीपेक्षा आपल्याकडे मोठा फरक म्हणजे निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला वरच्या कोर्टात अपील करता येतं. दरम्यान प्वारोसारखा एखादा पीळदार मिशीवाला नवा पुरावा घेऊन आला, तर अपिलात तो दाखल करून घ्यायची सोयही आहे.

शिवाय खटला उभा राहीपर्यंत मित्र कच्च्या कैदेत किती वर्षं काढेल याचाही अंदाज घ्यायला सांगा. फी खासगी निरोपातून कळवतो.